आधी कला, मग उपजीविका

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक माणूस जुगाराच्या अड्ड्यावरून जीव मुठीत धरून पळतो. दहा सुवर्णमुद्रा तो हरला आहे, द्यायला जवळ कवडी नाही आणि अड्ड्याचा मालक माथुर पाठीवर आहे. पावलांच्या खुणांवरून माग लागू नये म्हणून तो उलटा चालत एका ओस देवळात शिरतो आणि मूर्ती नसलेल्या चौथऱ्यावर स्वतःच देव होऊन उभा राहतो. तिथूनही पळावे लागते, तेव्हा तो नाटकाची नायिका वसंतसेना हिच्या घरात आसरा घेतो. ती त्याची चौकशी करते. तो पाटलिपुत्राचा, चांगल्या घरचा मुलगा. उज्जयिनीत येऊन त्याने नाटकाचा नायक चारुदत्त याची सेवा केली. त्याचा धंदा संवाहकाचा, म्हणजे लोकांचे अंग चेपून, रगडून देण्याचा.

वसंतसेना मनापासून म्हणते की ही तर फार नाजूक कला आहे. त्यावर तो सांगतो, शिकलो तेव्हा ती कला होती, आता ती उपजीविका झाली आहे.

दीड हजार वर्षांपूर्वीच्या या संवादात मालिशच्या व्यवसायाची सगळी गोष्ट आली आहे. हे काम शिकावे लागते, हे वसंतसेनेला कळते. पोटासाठी ते करताना त्यातली कला लोकांच्या नजरेआड होते, हे संवाहकाला कळते. आज मालिशकडे करिअर म्हणून पाहणाऱ्या तरुण-तरुणींसमोरही हाच प्रश्न आहे. हाताला काम मिळेल, पैसेही मिळतील, पण ते काम कौशल्य म्हणून ओळखले जाईल का? माझे उत्तर असे आहे की ते तसे ओळखले गेलेच पाहिजे. त्यासाठी मालिश करणाऱ्याने नीट शिकले पाहिजे आणि मालिश करून घेणाऱ्यानेही काही गोष्टी शिकल्या पाहिजेत.

मगधातून निघालेले हात

संवाहक पाटलिपुत्राचा, म्हणजे आजच्या पाटण्याचा. योगायोग असा, की इतिहासातला सर्वांत नावाजलेला भारतीय मालिशवालाही पाटण्याचाच. शेख दीन मोहम्मद याचा जन्म १७५९चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करात त्याने नोकरी केली, १७८४मध्ये आयर्लंडला गेला आणि १७९४मध्ये आपले प्रवासवर्णन छापले. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. १८१०मध्ये त्याने लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीचे खाद्यगृह काढले. ते चालले नाही. मग तो ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी गेला आणि तिथे त्याने स्नानगृह उघडले.

त्याची पद्धत लक्षात राहण्याजोगी होती. रुग्णाला आधी औषधी वनस्पतींच्या वाफेत बसवत. भोवती फ्लॅनेलचा तंबू असे आणि त्या तंबूला बाह्या शिवलेल्या असत. मालिश करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून हात आत घाली आणि अंग रगडून देई. या उपचाराला त्याने जे नाव दिले ते हिंदीतल्या 'चांपो' या शब्दावरून आले होते. इंग्रजांच्या तोंडी त्याचे 'शांपू' झाले. आज न्हाणीघरातल्या बाटलीवर जो शब्द आपण वाचतो, त्याचा मूळ अर्थ 'चेपा' असा आहे. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांनी दीन मोहम्मदला आपला मालिशतज्ज्ञ नेमले होते.

तिसरा धागाही त्याच भूमीतला. थायलंडमध्ये मालिशची जी परंपरा आहे तिचा आद्यपुरुष म्हणून जीवकाचे नाव घेतात. जीवक हा मगधातल्या राजगृहाचा, बुद्धाचा वैद्य. त्याने स्वतः ही विद्या तिकडे नेली असे इतिहास म्हणत नाही, पण थाई मालिशवाले आजही काम सुरू करण्यापूर्वी त्याला वंदन करतात. बँकॉकच्या वाट फो मंदिरात शरीरातल्या रेषा आणि दाबबिंदू दाखवणारे शिलालेख आहेत आणि तिथे मालिश शिकवणारी शाळाही चालते. २०१९मध्ये युनेस्कोने थाई मालिशचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. एका देशाने आपल्या मालिशवाल्यांच्या हातांना वारसा म्हटले आणि जगाकडून ते मान्य करून घेतले.

युरोपात या विद्येला शिस्त लावण्याचे श्रेय स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंगला दिले जाते. त्याने १८१३मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची संस्था काढली. पण आज 'स्वीडिश मसाज' म्हणून जे शिकवले जाते त्यातल्या क्रिया वेगळ्या करून त्यांना नावे दिली ती हॉलंडच्या योहान मेत्सगर या डॉक्टरने. लांब हात फिरवणे, स्नायू कणकेसारखा मळणे, घासणे, थोपटणे आणि थरथरवणे या त्या पाच क्रिया. बाळाला न्हाऊ घालणारी कोणतीही अनुभवी बाई या पाचही क्रिया करत असते. तिने त्यांची नावे ऐकलेली नसतात, इतकेच.

घरातले हात, तालमीतले हात

मराठी माणसाच्या आयुष्यात मालिश पहिल्या दिवसांपासून असते. सव्वा महिना रोज एक बाई घरी येते. दोन पाय लांब पसरून पाटावर बसते, बाळाला पायांवर घेते, तेल जिरवते, कोमट पाण्याने न्हाऊ घालते आणि धुरी देते. मग बाळंतिणीची पाठ, कंबर, पोटऱ्या रगडून तिला शेक देते. 'तिच्या हाताला गुण आहे' असे म्हणत तिचे नाव घरोघर पोचते. पहिल्या बाळाच्या वेळी आलेली बाई दुसऱ्याच्याही वेळी यावी म्हणून लोक तारखा सांगून ठेवतात.

फ्रेडरिक लबॉये या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने कोलकात्यात शांतला नावाच्या आईला बाळाचे मालिश करताना पाहिले आणि १९७६मध्ये तिच्याच नावाने पुस्तक लिहिले. त्यानंतर युरोपातल्या कित्येक आया बाळाला तेल लावायला शिकल्या. १९८६मध्ये टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास केला. रोज ठरावीक वेळ मालिश केलेल्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा ४७ टक्के अधिक वेगाने वाढले आणि ती सरासरी सहा दिवस आधी घरी गेली. आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जे करत होत्या त्याला अशी मोजमापाची जोड मिळाली.

दुसरे ठिकाण तालमीचे. कोल्हापूरच्या तालमीत जोर-बैठका आणि लढत झाली की पैलवान एकमेकांचे अंग रगडतात. धाकटा थोरल्याचे मालिश करतो आणि ते करता करता कोणता स्नायू कुठून निघतो, कुठे आखडतो, कुठे दाबले की मोकळा होतो हे बोटांनी शिकतो. शाळेत शरीरशास्त्र न शिकलेल्या वस्तादालाही खांद्याचा सांधा हाताने वाचता येतो.

तिसरे ठिकाण रस्त्याचे. तेलाच्या बाटल्यांची किणकिण करत संध्याकाळी चौपाटीवर फिरणारा चंपीवाला मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. गुरुदत्तच्या 'प्यासा'मध्ये (१९५७) जॉनी वॉकरने तो अजरामर केला.

या तिन्ही ठिकाणी हात कुशल आहेत, पण या कामाला पद नाही. त्याचे कारण उघड बोलले पाहिजे. स्पर्शाचा विटाळ मानणाऱ्या समाजात दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याचे काम जातीच्या उतरंडीत खाली ढकलले गेले. डोक्याची चंपी न्हाव्याकडे, बाळंतीण सुईणीकडे. ज्या हातांत घराने आपले सर्वांत नाजूक मूल दिले, त्याच हातांना चहा मात्र वेगळ्या कपात दिला. 'मालिशवाली' हा शब्द आजही हलक्या आवाजात उच्चारला जातो त्याचे मूळ इथे आहे.

कातडीखाली काय होते?

या व्यवसायात येणाऱ्याने मालिशने काय होते आणि काय होत नाही, हे आधी स्वच्छ समजून घ्यावे.

लागलेल्या जागी आपण नकळत हात चोळतो आणि दुखणे कमी वाटते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५मध्ये याचे स्पष्टीकरण मांडले. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट तिथे अरुंद होते. जणू एक दार अर्धे लोटले जाते. याशिवाय केसाळ त्वचेत असे मज्जातंतू असतात जे सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाच्या संथ, हलक्या स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो याच वेगाने. कुशल मालिशवालाही सुरुवात आणि शेवट संथ हातानेच करतो. स्पर्श आणि दाब पेशींना कसा कळतो याच्या शोधासाठी अर्देम पाटापूटियन यांना २०२१चे वैद्यकाचे नोबेल विभागून मिळाले.

आता न होणाऱ्या गोष्टी. मालिशने शरीरातले 'विषारी द्रव्य' बाहेर पडत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. व्यायामानंतर साठलेले लॅक्टिक आम्ल मालिशने निघते हेही खरे नाही. ते तासाभरात आपोआप ओसरते. मालिशने मोडलेले हाड जुळत नाही, मधुमेह जात नाही आणि वजन उतरत नाही. कंबरदुखीवरच्या संशोधनांचा २०१५मध्ये जो मोठा आढावा घेतला गेला त्यात निष्कर्ष असा निघाला की मालिशने थोड्या काळासाठी दुखणे कमी होते, पण त्याचाही पुरावा भक्कम नाही. म्हणजे आराम मिळतो, शरीर सैल पडते, बरीच माणसे शांत झोपतात. एवढेही थोडे नाही. ते प्रामाणिकपणे सांगणारा मालिशतज्ज्ञ गिऱ्हाईक गमावत नाही. भलते दावे करणारा मात्र एक दिवस कुणाचे तरी नुकसान करतो.

शिकायचे काय, कुठे?

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत परवान्याशिवाय मालिशचा व्यवसाय करता येत नाही आणि त्यासाठी पाचशेपासून हजार तासांपर्यंतचे शिक्षण लागते. न्यूयॉर्क राज्यात एक हजार तास. भारतात मालिशतज्ज्ञांसाठी असा स्वतंत्र परवाना नाही. त्यामुळे उद्या कुणीही पाटी लावू शकतो. म्हणूनच नीट शिकलेल्याला आपले वेगळेपण कामातून दाखवावे लागते.

आपल्याकडे वाटा तीन. पहिली स्पाची. सौंदर्य आणि वेलनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने स्पा थेरपिस्टसाठी अभ्यासक्रम आणि परीक्षेचे निकष ठरवले आहेत. प्रवेश घेताना प्रमाणपत्र कुणाचे मिळणार, हे विचारावे. दुसरी वाट आयुर्वेदाची. पंचकर्म तंत्रज्ञ वैद्याच्या देखरेखीखाली अभ्यंग, स्वेदन, शिरोधारा करतो. केरळातल्या चेरुथुरुथी इथे केंद्र सरकारची पंचकर्म संशोधन संस्था आहे आणि तिथे तंत्रज्ञांचे शिक्षण होते. तिसरी वाट फिजिओथेरपीची. पण तिची पदवी चार वर्षांहून अधिक काळाची आहे आणि तो वेगळा आरोग्यव्यवसाय आहे. मालिश शिकलेल्याने स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवू नये आणि तसे म्हणवून घेण्याची गरजही नाही.

कोणत्याही वाटेने गेलात तरी चार गोष्टी पक्क्या शिकाव्या लागतात. पहिली शरीररचना: हाडे, सांधे, मोठे स्नायू आणि त्यांची टोके, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू कुठे वरवर आहेत ते. गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्यामागची खळगी इथे जोर लावायचा नसतो. सुश्रुताने शरीरात १०७ मर्मे सांगितली आहेत. नाजूक जागा ओळखण्याची शिस्त इतकी जुनी आहे. दुसरी गोष्ट हाताची. जोर किती, वेग किती, दिशा कोणती, हे पुस्तकातून येत नाही. शंभर वेगवेगळ्या पाठी हाताखालून गेल्यावर बोटांना कळू लागते. तिसरी स्वच्छता: कापलेली नखे, प्रत्येकाला धुतलेली चादर, तेलाची ॲलर्जी आहे का याची विचारपूस. चौथी गोष्ट ऐकण्याची. 'जरा जोर लावा' म्हणणाऱ्याला किती जोर सोसतो आणि गप्प पडलेल्याला कुठे दुखते, हे श्वासावरून, आखडलेल्या खांद्यावरून ओळखावे लागते.

हात कधी आवरायचा?

वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त रोज अभ्यंग करायला सांगितले, डोके, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितले आणि लगेच मनाईही सांगितली: कफाचा विकार असलेल्याला, नुकतेच शोधन झालेल्याला आणि अजीर्ण झालेल्याला मालिश करू नये. मालिश कधी करू नये हे सांगितल्याशिवाय मालिशची शिकवण पुरी होत नाही, हे त्याने जाणले होते.

आजच्या मालिशतज्ज्ञाने काम सुरू करण्यापूर्वी काही प्रश्न तरी विचारावेत. ताप आहे का? रक्तदाब किती? अलीकडे शस्त्रक्रिया झाली का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? दिवस गेले आहेत का? हाडे ठिसूळ झाल्याचे डॉक्टर म्हणाले आहेत का? मधुमेह असेल तर पायांना स्पर्श नीट कळतो का? कारण ज्याला कळत नाही तो तेल चटका बसण्याइतके गरम आहे हेही सांगू शकत नाही.

एक खूण मात्र पाठ करून ठेवावी. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, लाल आणि दुखरी असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर, तर तिला हात लावू नये. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. बाळंतिणीच्या पोटऱ्या रोज रगडणाऱ्या प्रत्येक बाईला ही खूण कुणीतरी सांगायला हवी.

केशकर्तनालयात चंपीच्या शेवटी मान कडकन मोडण्याची पद्धत आहे. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अशा झटक्याने फाटू शकतात आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. ही पद्धत सोडावी. गिऱ्हाइकाने मागितले तरी नाही म्हणावे. बाळाच्या बाबतीतही तसेच: छाती पिळून दूध काढणे, नाका-कानांत तेल सोडणे, बेंबी दाबणे, पाय धरून उलटे करणे या गोष्टी बालरोगतज्ज्ञ करू नका म्हणतात. हाताला गुण असलेल्या बाईने या चार गोष्टी टाकल्या की तिचा गुण वाढतोच.

ज्याचे हात, त्याचे शरीर

मालिशवाल्याचे पहिले दुखणे अंगठ्याच्या बुडाशी सुरू होते, मग मनगट, मग खांदा आणि कंबर. म्हातारपणी गुडघे धरून बसलेली न्हाऊ घालणारी बाई आपण पाहिली आहे. तिची वर्षे पाटावर पाय पसरून आणि वाकून गेली.

म्हणून शिकताना पहिल्या दिवसापासून आपले शरीर वाचवायला शिकावे. टेबलाशेजारी ताठ उभे राहून मूठ वळून हात खाली सोडला, की बोटांची पेरे टेबलाला टेकावीत, एवढीच टेबलाची उंची असावी. एक पाय पुढे, एक मागे ठेवून उभे राहावे आणि जोर खांद्यातून न काढता शरीराचे वजन पुढे झुकवून द्यावा. अंगठा जपून वापरावा. रुंद जागी पुढच्या हाताचा भाग, कोपर, तळहात वापरावा. केरळच्या कळरी परंपरेत दोरीला धरून पायांनी मालिश करतात. त्यात मालिशवाल्याच्या शरीराचे वजनच काम करते. दोन गिऱ्हाइकांत श्वास घ्यायला वेळ असावा. दिवसाला आठ-दहा जणांना मालिश करणारा चार पैसे अधिक मिळवतो, पण त्या हिशेबाने हात फार वर्षे टिकत नाहीत.

कमाईचे रूप ठिकाणानुसार बदलते. हॉटेलात आणि रिसॉर्टमध्ये पगार, बक्षिशी आणि बऱ्याचदा राहण्या-जेवणाची सोय. ॲपवरून घरोघर जाणाऱ्यांना कामाप्रमाणे पैसे. बाळ-बाळंतिणीचे काम महिन्याच्या बोलीवर. खेळाच्या क्षेत्रात जागा थोड्या, पण मान मोठा: २०११चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय क्रिकेट संघाबरोबर मालिशचे काम करणारे रमेश माने खेळाडूंचे 'मानेकाका' होते. कुठेही जा, पगार, सुट्टी आणि कामाचे तास कागदावर घ्या. स्वतंत्र काम करत असाल तर असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा.

वेलीचा आधार

आता सर्वांत नाजूक विषय. मालिशच्या नावाखाली देहविक्रीचे अड्डे चालतात, पोलिसांचे छापे पडतात, बातम्या येतात आणि प्रामाणिक मालिश करणाऱ्या बाईच्या घरी 'काम सोड' म्हणून तगादा सुरू होतो.

हे आजचे नाही. १८९४मध्ये लंडनमध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाने मालिशगृहांमधल्या गैरप्रकारांवर झोत टाकला. त्याच वर्षी चार परिचारिका पुढे आल्या आणि त्यांनी प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. त्यांनी परीक्षा घेतल्या आणि नियम केले: डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालिश नाही, सामान्य वर्तमानपत्रांत जाहिरात नाही, औषधांची विक्री नाही. १९२०मध्ये संस्थेला राजसनद मिळाली. ब्रिटनची फिजिओथेरपिस्टांची आजची संघटना त्यातूनच उभी राहिली. बदनामीला त्या स्त्रियांनी शिक्षणाने आणि संघटनेने उत्तर दिले, आणि त्यातून एक नवा प्रतिष्ठित व्यवसाय जन्माला आला.

आपल्याकडे २०२१मध्ये दिल्ली सरकारने स्त्रीने पुरुषाचे आणि पुरुषाने स्त्रीचे मालिश करू नये असा नियम केला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या अटीला अंतरिम स्थगिती दिली. नुसत्या बंदीने भागत नाही. खरी मर्यादा कामाच्या रीतीत असते. मालिश करायचा तेवढाच भाग उघडा, बाकी अंगावर चादर. काय करणार हे आधी सांगायचे आणि संमती घ्यायची. गिऱ्हाइकाने भलती मागणी केली तर काम तिथेच थांबवायचे. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामानिमित्त स्त्री जिथे जाते ते ठिकाणही कामाची जागा धरले आहे, आणि दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेतल्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे प्रत्येक मालिश करणाऱ्या स्त्रीला माहीत असले पाहिजे.

इथे संवाहक पुन्हा आठवतो. जुगार सोडून तो बौद्ध भिक्षू होतो. आठव्या अंकात राजाचा मेहुणा शकार याने गळा दाबून मेली म्हणून टाकलेली वसंतसेना त्याला पाचोळ्याखाली सापडते. तो तिला ओल्या वस्त्राचे पाणी देतो, वारा घालतो, शुद्धीवर आणतो. तिला उठवायचे तर हात द्यावा लागेल आणि भिक्षूला स्त्रीस्पर्श वर्ज्य. तो जवळच्या झाडावरची वेल वाकवून तिच्या हाती देतो आणि वेलीच्या आधाराने उठायला सांगतो. ज्याचे आयुष्य स्पर्शाच्या धंद्यात गेले, त्याला स्पर्श कुठे थांबवायचा हेही सर्वांत चांगले कळत होते. मालिश करणाऱ्याची खरी पदवी हीच आहे.

बोटांना दिसते ते

जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची नावाच्या अंध वैद्याने दृष्टिहीनांना अॅक्युपंक्चर आणि मालिश शिकवणाऱ्या शाळा सुरू केल्या. तिथे अंध मालिशतज्ज्ञांची परंपरा आजही आहे. दक्षिण कोरियात मालिशचा परवाना फक्त दृष्टिहीनांनाच मिळतो. २००६मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने हे राखीव क्षेत्र रद्द केले, अंध मालिशवाले रस्त्यावर उतरले, संसदेने नवा कायदा केला आणि २००८मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला. आपल्याकडे अहमदाबादच्या अंधजन मंडळाने दृष्टिहीनांना फिजिओथेरपीचे शिक्षण दिले आहे. महाराष्ट्रातल्या अंधशाळांनी आणि कौशल्य केंद्रांनी ही वाट रुंद करावी. आखडलेला स्नायू डोळ्यांना दिसत नाही. तो बोटांनाच सापडतो.

शेवटी, तुम्हाला

या व्यवसायात येऊ पाहणाऱ्यांनो, आधी कला म्हणून शिका. घाई करू नका. उपजीविका पुढे आहेच. आपण कुणाकडे शिकलो, किती तास शिकलो, हे अभिमानाने सांगता येईल असे शिका.

आणि मालिश करून घेणाऱ्यांनो, तुमच्या घरी येणाऱ्या बाईला तिच्या नावाने हाक मारा. तिची मजुरी आधी ठरवा, आठवड्याची सुट्टी द्या, ती आजारी पडली तर पैसे कापू नका आणि घरात सगळे ज्या कपात चहा घेतात त्याच कपात तिलाही द्या.

'मृच्छकटिक'च्या अखेरीस राज्य पालटते आणि संवाहकाला राज्यातल्या सगळ्या विहारांचा प्रमुख नेमले जाते. त्याला मान मिळाला तो मालिश सोडून भिक्षू झाल्यावर. आपल्या मालिशवाल्यांना तो मान हात चालू असतानाच मिळाला पाहिजे.